पाडलेल्या चाळीच्या साहित्यातून अमूर्त मिश्रमाध्यम चित्र: पहिल्या तुकड्यापासून भिंतीवर टांगण्यापर्यंत

माझ्या कामाच्या टेबलावर तळहाताएवढा गिलाव्याचा एक तुकडा आहे. लालबागमधल्या एका चाळीतली खोली रिकामी होताना तिथल्या कुटुंबाने तो मला दिला. त्याची तुटलेली कड भिंगाखाली धरली की रंगांचे सात थर मोजता येतात. सर्वांत खाली साधा चुना, त्यावर नीळ मिसळलेला चुना, मग पोपटी, पुन्हा फिकट निळा, एक गुलाबी, त्यावर पिवळसर डिस्टेंपर आणि शेवटी डब्यातला तयार पांढरा रंग. गणपतीच्या आधी किंवा घरात लग्न ठरले की खोली रंगवून घ्यायची, अशी त्या घराची रीत होती. त्यामुळे यातला जवळजवळ प्रत्येक थर कुठल्या ना कुठल्या कार्याशी बांधलेला आहे. गुलाबी थर थोरल्या मुलीच्या लग्नाचा, हे त्या घरातल्या आजींनी तुकड्याच्या कडेकडे नुसते पाहून सांगितले.

अशा साहित्यातून अमूर्त चित्र कसे उभे करायचे आणि त्यातून प्रगतीविषयी काही खरे कसे बोलायचे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. उदाहरणासाठी मी दोन फूट बाय तीन फुटांचा, म्हणजे २४ बाय ३६ इंचांचा एकच फलक घेतला आहे. साहित्य हाताशी असेल तर प्रत्यक्ष काम आठ-दहा दिवसांचे असते. मात्र थर वाळण्याचा वेळ धरून तीन आठवडे हाताशी ठेवावेत आणि पावसाळ्यात चार.

विषय एका मापात आणा

‘प्रगती’ हा शब्द फलकावर मांडण्याच्या दृष्टीने फार मोठा आहे. तो तसाच घेतला तर हातून ठरावीक चित्रे होतात: एका बाजूला गंजलेले चाक, दुसऱ्या बाजूला चकचकीत काच, मध्ये एक भेग. पाहणारा ते दोन क्षणांत वाचतो आणि पुढे जातो. म्हणून पहिली पायरी हातात वस्तू घेण्याची नसून एक देवघेव निवडण्याची आहे. काय गेले, काय आले आणि त्याचा भार कोणी उचलला, या तीन प्रश्नांची उत्तरे एका कागदावर एकेका वाक्यात लिहावीत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिता येत नसेल, तर विषय अजून पक्का झालेला नाही असे समजावे.

गिरणगावात, म्हणजे मुंबईच्या जुन्या कापड गिरण्यांच्या भागात, अशी उदाहरणे हवी तेवढी आहेत. मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ साली झाली आणि १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि त्यानंतर हा भाग पूर्वीसारखा राहिला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची वाटणी ढोबळमानाने तीन भागांत ठरवली: एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण संस्थेला घरांसाठी आणि एक मालकांना. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरतीच उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. या घटनेचे चित्र काढायला गिरणीची चिमणी लागत नाही. फलकाचे तीन समान भाग करून मग त्या रेषा कशा सरकल्या हे दाखवले, तरी ते चित्र बोलते.

मी मात्र या लेखासाठी दुसरे माप घेतो. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळींमधली खोली १६० चौरस फुटांची होती आणि पुनर्विकासात रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे घर देण्याचे ठरले. एका चौरस फुटाला एक चौरस इंच असे प्रमाण धरले, तर १६० म्हणजे १० बाय १६ इंचांचा आयत होतो आणि ५०० म्हणजे २० बाय २५ इंचांचा. दोन्ही आकार आपल्या फलकावर एकात एक बसतात. हा आपल्या चित्राचा सांगाडा.

हे माप मला जवळचे वाटते, कारण ते एकांगी होऊ देत नाही. १६० चौरस फुटांत आठ-दहा माणसे राहिली आहेत, पहाटे सामायिक संडासापुढे रांगा लागल्या आहेत आणि त्या रांगांचा त्रास बायकांना आणि म्हाताऱ्यांना सर्वांत जास्त झाला आहे. ज्यांना स्वतंत्र मोरी आणि दार लावून बसता येईल अशी खोली मिळाली, त्यांचा आनंद खरा आहे. त्याच माणसांना नव्या इमारतीतल्या बंद दारांच्या मार्गिकेत करमत नाही, हेही खरे आहे. फलकावर दोन्ही गोष्टी राहिल्या पाहिजेत. चाळ गेली म्हणून नुसते उसासे टाकणारे चित्र आणि टॉवर आला म्हणून टाळ्या वाजवणारे चित्र, ही दोन्ही त्या माणसांवर सारखाच अन्याय करतात.

साहित्य गोळा करणे

पाडकाम सुरू असलेल्या इमारतीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. एक तर तिथे जीव जाऊ शकतो. आणि दुसरे म्हणजे पाडकाम घेणाऱ्या ठेकेदाराच्या हिशेबात त्या इमारतीचे लाकूड, लोखंड आणि तांबे यांची किंमत आधीच धरलेली असते. फळी हवी असेल तर तिचे वजन करून पैसे द्यावेत. त्याहून चांगला मार्ग म्हणजे खोली सोडण्याआधीच रहिवाशांशी बोलणे. कुठली वस्तू ते नव्या घरात नेणार नाहीत आणि कुठली टाकताना त्यांचा हात अडखळतो, हे तिथे उभे राहिल्यावरच कळते. भेंडीबाजारालगतच्या चोरबाजारात किंवा जुन्या लाकडाच्या वखारीत देखण्या वस्तू मिळतात. परंतु त्या कुठून आल्या हे सहसा कळत नाही, आणि या प्रकारच्या कामात वस्तूचा ठावठिकाणा हाच तिचा अर्धा अर्थ असतो.

आपल्या फलकासाठी एवढे साहित्य पुरेसे आहे: दाराची किंवा खिडकीची एक सागवानी फळी, कडी-कोयंडा, दोन-तीन बिजागऱ्या, खिडकीच्या गजाचे वीतभर लांबीचे तुकडे, गिलाव्याचे चार-पाच तुकडे, चिनीमातीचा जुना फ्यूज किंवा बेकलाईटचे काळे बटण, जुन्या साडीची किनार, विजेची बिले, रेशन कार्डाचे जीर्ण वेष्टण आणि नव्या इमारतीच्या जाहिरातीचे गुळगुळीत माहितीपत्रक. गिरणीतला धोटा किंवा कांडी मिळाली तर मोह होईल. तरी ती या फलकात घेऊ नये असे मला वाटते. धोटा पाहिला की पाहणारा लगेच ‘गिरणी’ म्हणतो आणि त्याचे पाहणे तिथेच थांबते.

प्रत्येक वस्तू हातात येताच तिला सुतळीने एक चिठ्ठी बांधावी आणि तिच्यावर तारीख, वस्तू कुठली, कोणत्या बाजूने हात लागत असे आणि देणाऱ्याने काय सांगितले, हे लिहावे. ही सवय कंटाळवाणी वाटली तरी मोडू नये, कारण पंधरा दिवसांनी सगळ्या फळ्या सारख्याच दिसू लागतात.

काही साहित्य अजिबात घरी आणू नये. जुने नालीदार सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते कापल्यास किंवा फोडल्यास उडणारे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्यांचा परिणाम कित्येक वर्षांनी दिसतो. फुटलेल्या ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांत पारा असतो. जुन्या टीव्हीची काचेची नळी फोडू नये आणि तांब्यासाठी वायर जाळू नये. जुन्या दारांवरच्या तेलरंगात शिशाचे प्रमाण बरेच असू शकते. आपल्याकडे घरगुती रंगांतले शिसे ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी आले आणि २०१७ मध्ये लागू झाले, म्हणजे त्याआधीचा कुठलाही रंग संशयितच समजावा. असा रंग कोरडा घासू नये आणि ब्लो लॅम्पने तापवून काढू नये. फळी ओली ठेवून, एन-९५ मास्क लावून, पॉलिश पेपरने हलकेच घासावी आणि निघालेला गाळ फडक्याने टिपून पिशवीत बंद करावा. घरात लहान मूल असेल तर हे काम घरात करूच नये.

स्वच्छता करताना खुणा वाचवा

साफसफाईत हौशी हातांकडून सर्वांत जास्त नुकसान होते. दाराच्या फळीवर कडीभोवती एक गुळगुळीत, काळसर डाग असतो. पन्नास-साठ वर्षे रोज लागलेल्या बोटांचा तो डाग आहे. फळी रंधून काढली की खाली सुंदर सोनेरी सागवान दिसते, आणि त्याच क्षणी ती कुठल्याही दुकानातली फळी होते. म्हणून माझा नियम असा आहे की धूळ, भुगा, कीड आणि सुटलेला रंग काढायचा. झीज, डाग आणि घट्ट धरलेला रंग ठेवायचा.

लाकडाखाली खसखशीसारखे बारीक दाणे पडत असतील तर आत वाळवी आहे. अशी फळी काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून कडक उन्हात चार-पाच दिवस ठेवावी आणि नंतर बोरॅक्सचे कोमट पाण्यातले द्रावण सर्व बाजूंनी पाजून पूर्ण वाळू द्यावी. लोखंडावरचा सुटा गंज तारेच्या ब्रशने काढावा आणि घट्ट तांबूस थर तसाच ठेवावा.

गिलाव्याला वेगळी निगा लागते. तो ठिसूळ असतो आणि त्यावरचे चुन्याचे व डिस्टेंपरचे थर पाण्याने विरघळतात, त्यामुळे त्याला ब्रश लावला की रंग फरफटतो. एक भाग फेविकॉल आणि पाच भाग पाणी असे मिश्रण फवाऱ्याच्या बाटलीत भरून दूरवरून, धुक्यासारखे उडवावे, दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा उडवावे. तुकडा आणखी शोषेनासा होईपर्यंत हे करत राहावे. दोन दिवस वाळल्यावर तुकडा पालथा करून मागची बाजू खडबडीत दगडावर पाणी टाकत घासावी आणि जाडी आठ-दहा मिलिमीटरपर्यंत आणावी. जाड तुकडे लावले तर फलक जड होतो आणि उभा केल्यावर ते स्वतःच्या वजनाने सुटतात.

फलक तयार करणे

१२ मिलिमीटर जाडीचा, शक्यतो वॉटरप्रूफ प्लायवुड घ्यावा; या आकारात त्याचे वजन साधारण साडेचार किलो भरते. मागच्या बाजूने चारही कडांना आणि मध्ये एक आडवी अशा एक बाय दोन इंचांच्या लाकडी पट्ट्या फेविकॉल व स्क्रूने बसवाव्यात. या पट्ट्या नसतील तर पुढच्या बाजूच्या ओल्या थरांमुळे प्लाय वाटीसारखा वळतो आणि मग तो सरळ होत नाही.

पृष्ठभागासाठी एक भाग फेविकॉल, एक भाग पाणी, एक भाग पांढरा ॲक्रिलिक इमल्शन आणि दोन भाग चाळलेली खडूची भुकटी एकत्र घोटावी. याचे तीन पातळ हात द्यावेत, पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा, आणि प्रत्येक हात वाळल्यावर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासावे. मागची बाजू आणि कडा पातळ रंगाने बंद कराव्यात, नाहीतर दमट हवा तिथूनच आत शिरते.

मांडणी: वस्तूचे नाव पुसणे

अमूर्त म्हणजे काहीही कुठेही लावणे, असा समज आपल्याकडे अजून आहे. प्रत्यक्षात अमूर्त कामात वस्तूचे नाव बाजूला ठेवून तिचे वजन, पोत, कड, रंग आणि झीज एवढेच शिल्लक ठेवायचे असते. पाहणाऱ्याने ‘ही कडी आहे’ असे म्हणण्याआधी ‘इथे काहीतरी पुन्हापुन्हा घासले गेले आहे’ असे जाणवले पाहिजे. त्यासाठी वस्तू उलटी करावी, तिचा ओळखीचा भाग दुसऱ्या थराखाली न्यावा किंवा तिचा केवळ एक काप वापरावा.

हे शिकायला काही जुनी कामे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. पिकासोने १९१२ मध्ये वेताच्या विणीचे छापील ऑइलक्लॉथ चित्रात चिकटवून भोवती दोरीची चौकट केली. हॅनोव्हरच्या कुर्ट श्विटर्सने १९१९ मध्ये एका बँकेच्या जाहिरातीतल्या ‘कोमर्झ’ (व्यापार) या शब्दाचा काप ठेवला, त्यातून ‘मेर्झ’ हा निरर्थक शब्द उरला आणि पुढे आपल्या सगळ्या कामाला त्याने तेच नाव दिले. व्यापाराचा शब्द कापला की व्यापार वेगळाच दिसतो, हे त्या एका कापाने दाखवले. घानात जन्मलेले शिल्पकार एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची झाकणे तांब्याच्या तारेने ओवून भरजरी वस्त्रांसारखे विशाल पडदे करतात, आणि आफ्रिका, युरोप व अमेरिका यांच्यातल्या जुन्या दारू-व्यापाराची आठवण त्या झाकणांत आपसूक असते. आपल्या देशात नेकचंद यांनी चंदीगड बांधण्यासाठी जी गावे उठवली गेली, त्यांच्या मोडतोडीतून रॉक गार्डन घडवले. ते स्वतः सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते आणि ती बाग १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झाली. नव्या शहराच्या आखीव रेषांच्या शेजारीच जुन्या गावांच्या फुटक्या कपबशा आणि बांगड्या उभ्या आहेत. त्या जागी गेलात तर मूर्तींपेक्षा भिंतींकडे अधिक वेळ पाहावे, कारण तुकडे एकमेकांना कसे धरतात हे तिथेच शिकायला मिळते.

आता आपल्या फलकावर पेन्सिलीने प्रथम २० बाय २५ इंचांचा आयत आखावा आणि त्याच्या आत, मध्यभागी न ठेवता खालच्या डाव्या कोपऱ्याकडे, १० बाय १६ इंचांचा आयत आखावा. सगळी वस्तुसामग्री जमिनीवर, फलकाशेजारी मांडावी आणि दोन दिवस काहीही चिकटवू नये. या दोन दिवसांत लहान आयत दाट भरायचा आहे: फळी, गिलावा, गज, किनार सगळे एकमेकांवर चढलेले, एकाची कड दुसऱ्याच्या खांद्यावर आलेली. मोठ्या आयताचा उरलेला भाग जवळजवळ मोकळा ठेवायचा आहे. तिथे गुळगुळीत पृष्ठभाग, फिकट रंग आणि एखादीच वस्तू. क्षेत्रफळ तिपटीहून जास्त वाढले आणि त्यात ठेवायला जुन्या घरातले फारसे काही उरले नाही, हे एवढ्या मांडणीतूनच दिसते. मोठा भाग मुद्दाम थंड किंवा कुरूप करू नये. त्या मोकळेपणात सुखही आहे, म्हणून त्याचा पृष्ठभाग लहान आयताइतक्याच प्रेमाने घोटलेला असावा.

मांडणी तपासण्याच्या तीन रीती मला उपयोगी पडतात. मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढले की रंगाचा मोह दूर होतो आणि गडद-फिकट तोल दिसतो. फलक उलटा करून पाहिला की वस्तूंची नावे विसरली जातात. आणि तिसरी, जास्त कठीण: सर्वांत आवडती वस्तू दहा मिनिटे बाजूला काढून ठेवायची. तिच्याविना चित्र उभे राहत असेल तर ती वस्तू तिथे केवळ शोभेसाठी होती.

चिकटवणे

या कामात माझी मोठी चूक इथेच झाली. पहिल्या फलकावर मी खिडकीच्या गजाचे तुकडे थेट फेविकॉलने चिकटवले होते. मे महिन्यात ते दगडासारखे पक्के वाटत होते. जुलैत एका रात्री दोन तुकडे खाली पडले आणि उरलेल्यांच्या खालून तांबूस पाणी पांढऱ्या भागावर वीतभर उतरले. फेविकॉल कागद, कापड आणि लाकूड यांच्यासाठी उत्तम आहे, कारण त्यातले पाणी त्या वस्तू शोषून घेतात; लोखंड ते शोषत नाही, उलट त्या ओलाव्याने गंजते, आणि पावसाळी हवेत फेविकॉल पुन्हा मऊ पडतो.

तेव्हापासून मी हा क्रम पाळतो. प्रथम कागद: बिलाचा तुकडा पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने ओलसर करावा, फलकाला निम्मे पाणी घातलेला फेविकॉल लावावा, कागद मधून कडेकडे हाताने दाबत न्यावा आणि वरून पुन्हा तोच पातळ हात द्यावा, म्हणजे फुगे येत नाहीत. वर्तमानपत्राचा कागद काही महिन्यांत पिवळा पडतो, कारण त्यात लाकडातले लिग्निन तसेच राहिलेले असते. ते पिवळेपण हवे असेल तर ठीक, नको असेल तर छायाप्रत वापरावी. दुकानांच्या थर्मल पावत्या टाळाव्यात. त्यांवरची अक्षरे आपोआप उडून जातात. माहितीपत्रकाचे काप असे घ्यावेत की एकही शब्द पूर्ण वाचता येऊ नये.

कागद वाळल्यावर कापड. साडीची किनार दाट फेविकॉलमध्ये बुडवून, पिळून, हव्या त्या चुण्या पाडून बसवावी. त्यावर लाकूड, आणि लाकूड केवळ गोंदावर न सोडता मागून स्क्रूने आवळावे. गिलाव्याचे तुकडे आणि चिनीमाती यांसाठी एपॉक्सी, म्हणजे अरल्डाइटसारखे दोन नळ्यांतले मिश्रण, समभाग घ्यावे आणि फलक आडवा ठेवून पूर्ण २४ तास हलवू नये. लोखंड सर्वांत शेवटी. त्याला आधी चपड्याच्या पॉलिशचे किंवा तेलावरच्या पारदर्शक लॅकरचे दोन हात सगळ्या बाजूंनी द्यावेत, फलकाला बारीक भोके पाडावीत आणि गज तांब्याच्या तारेने मागे बांधून टाकावा. तार दिसली तर दिसू द्यावी. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन लोखंडाजवळ वापरू नये, त्यातल्या आम्लाने गंज वाढतो.

दोन आयतांच्या सीमेवर विशेष लक्ष द्यावे. लहान आयताची कड मोठ्यात नेमकी कशी संपते, यावर सगळे चित्र तोललेले आहे. तिथे सरळ पट्टी मारली तर जुने आणि नवे यांची भिंत होते. सगळे एकमेकांत विरघळू दिले तर काहीच घडले नाही असे वाटते. माझ्या फलकात मी साडीची किनार त्या सीमेवरून दोन इंच पुढे, मोकळ्या भागात नेली आणि तिथे तिचे धागे सोडवून पसरू दिले. तीन बाजूंच्या कडा मात्र तुटलेल्या गिलाव्यासारख्याच ठेवल्या.

रंग

साहित्याला स्वतःचे रंग असतात, म्हणून वरून फार थोडे द्यावे. चुना, नीळ, गेरू आणि कोळशाची पूड हे चार पुरतात. मोकळ्या भागासाठी पांढऱ्या ॲक्रिलिकमध्ये किंचित सिमेंटची पूड घोटून, पातळ करून, रबरी रोलरने चार-पाच थर द्यावेत आणि प्रत्येक थर अर्धवट ओला असताना काही ठिकाणी स्वच्छ फडक्याने उचलून घ्यावा. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवत आणि काढत. खालचा थर वरच्या थरातून हळूच उजळू देण्याची त्यांची हातोटी समोर उभे राहून पाहिली, तर थरांविषयी जे कळते ते वाचून कळत नाही. मोकळ्या भागातही निळीचा एक अगदी फिकट थर सर्वांत खाली ठेवावा. नव्या घराच्या पांढऱ्या भिंतीखाली कोणता रंग आहे, हे त्या घरात राहायला आलेल्या माणसालाच ठाऊक असते.

गिलाव्याच्या कडेवरचे थर दिसावेत म्हणून ती कड पुढे, पाहणाऱ्याच्या बाजूला वळवून लावावी आणि तिला रंगाचा स्पर्शही होऊ देऊ नये.

थांबणे, जपणे, टांगणे

फलक चार दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवावा आणि मग सकाळच्या उजेडात एकदाच पाहावा. पहिल्या नजरेला जिथे काही स्पष्ट करून सांगितल्यासारखे वाटेल, तिथले काढावे. भर घालण्याची गरज या टप्प्यावर क्वचितच असते.

अखेरीस मॅट ॲक्रिलिक वार्निशचे दोन पातळ फवारे द्यावेत. चकचकीत वार्निशने गिलावा प्लास्टिकसारखा दिसतो. लोखंडावर वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, मेणाचा हात फिरवावा. पूर्ण झालेला फलक सहज बारा-चौदा किलोंचा होतो, म्हणून एका खिळ्यावर विसंबू नये. मागच्या पट्ट्यांना दोन ठिकाणी डी-रिंग लावून भिंतीत दोन प्लग-स्क्रू घ्यावेत. बाहेरच्या, पावसाकडच्या भिंतीवर टांगू नये, आणि फलक व भिंत यांच्यात अर्धा इंच हवा खेळू द्यावी.

शीर्षक देताना ‘विकास’, ‘विनाश’, ‘हरवलेली चाळ’ असले शब्द टाळावेत. मी चिठ्ठीवर फक्त साहित्य आणि मापे लिहितो: ‘दाराची फळी, गिलावा, साडीची किनार, विजेची बिले, लोखंड, १६० आणि ५०० चौरस इंच’. ज्याला मापे ठाऊक आहेत तो थबकतो, आणि ज्याला नाहीत तो विचारतो.

प्रदर्शनात नेण्याआधी फलक ज्यांनी साहित्य दिले त्यांना दाखवावा आणि एखादी वस्तू दिसू नये असे त्यांनी म्हटले तर ती काढावी. मी गिलाव्याचा फलक त्या आजींकडे नेला तेव्हा त्यांनी मोकळ्या भागावरून हात फिरवला, मग दाट भागाकडे वळून विचारले की गुलाबी रंग कुठे गेला. तो गजाच्या मागे झाकला गेला होता. घरी आल्यावर मी तार सोडली आणि गज दीड इंच वर सरकवला. वस्तूंना बांधलेल्या सगळ्या चिठ्ठ्या आता एका कापडी पाकिटात, फलकाच्या मागच्या आडव्या पट्टीला टाचलेल्या आहेत.